कारणाचा रकाना

"हात दाखव," सुभद्रामामी म्हणाल्या, आणि मी दोन्ही हात पुढं केले.

बेदाण्याच्या शेडमध्ये सकाळी आत शिरताना मुकादमीण हात तपासते. नखं वाढलेली नकोत, बोटाला चिंधी बांधलेली नको, केस फडक्याखाली घट्ट बांधलेले हवेत. मामींनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली. "तुझं बघायला लागत न्हाई, तरी बघायचं आपलं," म्हणाल्या आणि मला आत सोडलं. शेडमध्ये माझ्याइतकी स्वच्छ बाई दुसरी नव्हती. दिवसातून आठ-दहा वेळा मी हात धुवायची. मामींना वाटायचं, पोरगी चांगल्या वळणाची आहे. वळणबिळण काही नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शंभरदा सांगितलं होतं की हा आजार हात लागून कुणाला होत नाही, आणि मला ते पटलंही होतं. तरी नळ दिसला की हात आपोआप त्याच्याखाली जायचे.

याला आता तेरा-चौदा वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेन. आमच्या कारंडवाडीला पाणी कमी, द्राक्षं भरपूर आणि बेदाण्याच्या शेडी त्याहून भरपूर. होळीपासून आखाडापर्यंत गावातल्या निम्म्या बायका शेडमध्येच असायच्या. आम्ही ओळीनं बसून काड्या वेगळ्या करायचो. हिरवा बेदाणा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा पडलेला टोपलीत. अंगाला गंधकाचा वास चिकटलेला असायचा, आणि तोंडं चालू असायची. कामाची आणि दुसऱ्याच्या घरची, दोन्ही निवडणी एकदमच व्हायची.

त्या दिवशी दुपारी जेवायची सुट्टी झाली आणि फाटकाशी कोतवाल ज्ञानू सायकलवर येऊन ओरडला, "उद्या धा वाजता चावडीवाचन! निराधारची यादी आलीया! ज्यांची नावं हायती त्यांनी यायचं, ज्यांची हरकत हाय त्यांनीबी यायचं!"

"हरकत घ्यायला समदं गाव येतंय, त्याची काळजी नगं!" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. पण हातातला घास तोंडात गेला नाही.

त्या यादीत माझं नाव होतं.

चावडीवाचन म्हणजे गावासमोर सरकारी यादी मोठ्यानं वाचायची. तलाठी एकेक नाव घेतो, त्या माणसाला महिन्याचं अनुदान का मिळायचं ते कारण वाचतो आणि विचारतो, कुणाची हरकत? कुणी बोललं नाही की पुढचं नाव. खोटा माणूस आत घुसू नये म्हणून ही रीत. रीत वाईट नाही. फक्त खऱ्या माणसाचं काय होईल, हे ती पाडणाऱ्याला सुचलेलं नसावं.

माझं कारण कागदावर काय लिहिलं होतं, ते मला पाठ होतं. सहा महिन्यांपूर्वी तलाठी चौगुले भाऊसाहेब माझ्या घरी चौकशीला आले होते. नवीनच लागलेले, कोल्हापूरच्या शहरात वाढलेले, चपला बाहेर काढून आत येणारे गृहस्थ. त्यांनी कागद मांडीवर घेतला होता.

"विधवा?"

"न्हाई."

"घटस्फोट?"

"न्हाई."

"नवऱ्यानं टाकलंय? तसा कोर्टाचा कागद?"

"टाकलंय का ते त्यांनाच इचारायला लागंल. चार वर्षं झाली, ट्रक घेऊन गेल्यात ते गेल्यातच."

"म्हणजे हयात आहेत. अपंग?"

"न्हाई."

पेन हातात धरून ते माझ्याकडं बघत राहिले. "ताई, मग मी तुम्हाला कुठल्या रकान्यात घालू?"

तेव्हा मी उठून फळीवरच्या डब्यातून दवाखान्याचं पिवळं पुस्तक काढून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते उघडलं, वाचलं आणि मिटलं. मग दार लोटून घेतलं. हलक्या आवाजात म्हणाले, "यालाही रकाना आहे." लिहून झाल्यावर मला वाचून दाखवावं असा नियम होता, पण त्यांनी कागद नुसता माझ्यापुढं धरला. मी सातवी शिकलेली. स्वतःच्या नावापुढं ती तीन इंग्रजी अक्षरं मी पहिल्यांदा वाचली.

आता कुणी म्हणेल, एवढी लाज होती तर अर्ज कशाला केला? तर सांगते. गोळ्या सरकार फुकट देतं, पण सरकार गोळ्या घेऊन कारंडवाडीला येत नाही. दर महिन्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडायची आणि दोन्हीकडचं एसटीचं भाडं जायचं. हंगामात ते जमायचं. पावसाळ्यात शेड बंद पडली की भाकरीचीच मारामार. आदल्या वर्षी श्रावणात भाडं नव्हतं म्हणून मी बारा दिवस उशिरा गेले होते. डॉक्टरीणबाई एरवी गोड बोलणाऱ्या, त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "शालन, गोळी चुकली की आजार शिरजोर होतो. मग या गोळ्या चालायच्या नाहीत. मरायचंय का तुला?" मला मरायचं नव्हतं. कुणासाठी जगायचं होतं असंही नाही. मूलबाळ नाही, आईबाप नाहीत. पण माणसाला जगायला कारण लागतंच असं नाही.

गावात मी सांगून ठेवलं होतं की माझा देवीचा नवस आहे, दर अमावास्येला जाते. त्यापायी डॉक्टरीणबाईंकडून मी तारीख अमावास्येचीच मागून घ्यायची. त्या हसायच्या आणि कॅलेंडर बघून द्यायच्या.

म्हणजे गोळ्या चुकू नयेत म्हणून अनुदान हवं, आणि भाकरीसाठी शेड हवी. आणि अनुदानाचं कारण गावाला कळलं की शेड गेली. आदल्याच वर्षी हिराबाई नावाच्या बाईला खोकल्याच्या गोळ्या चालू आहेत हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवली होती, आणि तिनं निवडलेला सगळा माल पुन्हा धुवायला लावला होता. तिचा तर नुसता क्षय होता.

शेड सुटल्यावर मी तशीच चावडीवर गेले. भाऊसाहेब एकटेच दप्तर आवरत होते.

"भाऊसाहेब, माझं नाव काढून टाका."

"का हो? सहा महिने हेलपाटे घातलेत त्यासाठी. तुम्ही आणि मीही."

"उद्या कारण वाचणार तुमी."

त्यांनी कागद खाली ठेवला. "यादी तालुक्यावरून पक्की होऊन आलीय, ताई. नाव काढायचं तर 'मला लाभ नको' असा तुमचा अर्ज लागेल. पुन्हा कधी मागायला गेलात की तोच अर्ज तुमच्यापुढं धरतील. आणि पावसाळ्यात काय करणार?"

पावसाळ्याची सोय असती तर अर्जच केला नसता.

"मी असं करतो," ते म्हणाले. चेहरा उजळला होता त्यांचा. "तुमच्या नावापुढचं वाचतच नाही. नाव घेतो आणि लगेच पुढचा नंबर. कुणाच्या ध्यानातही यायचं नाही."

मला ते पटलं. बुडणाऱ्याला काय, काहीही पटतं. त्या बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. चूक इतकीच की तो गावात वाढलेला नव्हता. गावात वाचलेलं अर्ध्यांनाच ऐकू येतं, न वाचलेलं मात्र शेवटच्या माणसापर्यंत पोचतं. हे मला तरी कळायला हवं होतं. मी घरी गेले आणि बरेच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं शंभरएक माणूस होतं. शेडला दोन तासांची सुट्टी होती, त्यामुळं बायकाही आलेल्या. सुभद्रामामी पुढच्या ओळीत मांडी घालून बसल्या होत्या. शेडचे मालक बाकावर सरपंचांच्या शेजारी होते. मी बायकांच्या मागं, खांबाला टेकून उभी राहिले.

भाऊसाहेब वाचू लागले. "एक. गोदाबाई रामू कारंडे. विधवा. कुणाची हरकत?" कुणाची नव्हती. "दोन. दत्तू भाना कारंडे. अपंग."

"हरकत!" मागून कुणी ओरडलं. "काल बोकाड सुटलं तर ह्यो अपंग माझ्याम्होरं पळत हुता!"

हशा पिकला. दत्तू उभा राहून लंगडत पुढं आला, जरा जास्तच लंगडत, आणि पुन्हा हशा पिकला. असं एकेक नाव चाललं होतं. आंधळा, विधवा, विधवा, अनाथ पोर, विधवा. प्रत्येक नावाला लोक त्या माणसाकडं मान वळवून बघायचे, जणू कारण त्याच्या तोंडावर लिहिलेलं असावं.

"अकरा," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज किंचित भराभर झाला. "शालन बजरंग बंडगर. बारा, तुळसाबाई..."

"थांबा."

जालिंदर उभे राहिले होते. माझे दीर. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत. माणूस सरळ, रागीट नव्हे. दर साली न मागता दोन पायल्या ज्वारी माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे आणि वर "जुनी हाय, खपत न्हाई" म्हणायचे. त्यांना अर्जाचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

"भाऊसाहेब, ह्ये नाव चुकून आलं आसंल," ते म्हणाले. "आमच्या घरातलं मानूस निराधार कसं? दादा माझा जित्ता हाय. आन् त्यो न्हाई आला तर मी हाय न्हवं? मी काय मेलोय?"

"नाव बरोबर आहे, जालिंदरराव. बसा तुम्ही."

"बरूबर हाय तर कारण वाचा. समद्यांचं वाचलं, हिचंच का न्हाई वाचलं?"

आता सगळ्या माना एकदम वळल्या. मागचे पुढं सरकले. "व्हय व्हय, वाचा की," बाकावरूनही कुणी म्हणालं. मामींनी वळून माझ्याकडं पाहिलं. कपाळ, गळा, हात, मग पुन्हा कपाळ. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, बांगड्या होत्या. म्हणजे विधवा नाही. आंधळी, पांगळी नाही. मग कोण? त्यांच्या डोळ्यांत एकेक रकाना बंद होत चाललेला मला स्पष्ट दिसला.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा पडला होता त्यांचा. नजर कागदावर गेली. सरकारी माणूस, आणि समोर शंभर माणसं कारण मागतायत. त्यांचे ओठ हलले.

"ते न्हाईत," मी म्हणाले.

"कोन न्हाई?" जालिंदर वळले.

"तुमचं भाऊ. ते गेलं, भावजी. दिवाळीच्या आधी गेलं. तिकडं आसामकडं घाटात गाडी पडली. मालकाचा फोन आलता. तिकडंच जाळलं म्हनाले."

हे माझ्या तोंडून कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. ठरवून आले नव्हते. बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही, आणि त्याचीच मला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली.

जालिंदर उभेच होते. "दादा?" ते म्हणाले. कुणाला हाक मारावी तसं नाही, विचारल्यासारखं. मग खाली मातीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. पाच मुलांचा बाप, गावात कुणी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ते लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले.

सुभद्रामामी उठून माझ्यापाशी आल्या. "सहा म्हयनं?" त्या म्हणाल्या. "सहा म्हयनं कुंकू लावून हिंडलीस?"

"सुतक धरलं आसतं तर काम बुडालं आसतं, मामी."

"कामापायी? चार पैशापायी नवऱ्याचं मरान झाकून ठिवलंस? आन् आता पगार मिळतुया म्हनून भाईर काढलंस?" त्या थुंकल्या, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. "बाई हाईस का कोन हाईस?"

सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. एकेक शिवी कानावर पडत होती आणि मी मनात म्हणत होते, अजून द्या. हेच विचारा. दुसरं काही विचारू नका. कुणी विचारलं नाही. मागं भाऊसाहेब बऱ्याच वेळानं "बारा" म्हणाले, पण ऐकायला कुणाचं लक्ष होतं?

बायकांनी मला घरी नेलं. माझ्याच उंबऱ्यावर, माझ्याच पाट्यावरच्या वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. जालिंदरांनी मिशा उतरवल्या, डोकं केलं. देह मिळाला नाही म्हणून कणकेचा पुतळा करून ओढ्याकाठी जाळायचा ठरला. जाऊबाई कणीक मळत होती, आणि जालिंदर दाराशी उभे राहून तिला सांगत होते, "बारका नगं करू. दादा उंच हुता." तिनं आणखी दोन मुठी पीठ घेतलं. मी कोपऱ्यात बसून ते बघत होते. त्या घटकेला मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, पीठ वाया घालवू नका. तोंड उघडलंसुद्धा. पण पुढं काय सांगणार? मग यादीत नाव कसं आलं, याचं उत्तर काय देणार? मी तोंड मिटलं, आणि बायकांना वाटलं, मला आता कुठं रडू फुटतंय.

ऐन हंगामातले तेरा दिवस बुडाले. चौदाव्या दिवशी मी शेडच्या दाराशी जाऊन उभी राहिले. "हात दाखव," मामी म्हणाल्या. मी मोकळे हात पुढं केले. त्यांनी ते उलटे केले नाहीत. नुसते बघितले, आणि म्हणाल्या, "जा. पिवळ्यावर बस."

पुढच्या महिन्यात भाऊसाहेब मंजुरीचा कागद द्यायला स्वतः आले. पाटावर बसले नाहीत, पाणी घेतलं.

"कागदावर तुमचे यजमान हयातच आहेत," ते म्हणाले. "मला ते बदलता येत नाही. मृत्यूचा दाखला लागतो."

"ऱ्हाऊ द्या. तितं तरी ऱ्हाऊ द्या."

ते जरा घुटमळले. "मी काहीतरी वाचायला हवं होतं का हो? दमा म्हणालो असतो तरी चाललं असतं."

"चाललं आसतं की," मी म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, आणि वाटावं म्हणूनच मी तसं म्हणाले. नंतर त्यांची बदली झाली. त्यांच्याशी मी जरा बरं बोलायला हवं होतं.

पैसे येऊ लागले. महिना सहाशे. फार नव्हते, पण त्या पावसाळ्यात माझी एकही तारीख चुकली नाही. भाडं निघायचं, वर आठवड्याला चार अंडी. वजन तीन किलो वाढलं. डॉक्टरीणबाईंनी पुस्तकावर आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. घरात ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी परत येताना एसटीत शेजारच्या अनोळखी म्हातारीला सांगितलं. "बरं झालं बाई," ती म्हणाली आणि उतरून गेली.

पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या साली माल इतका होता की शेड पावसाळ्यातही चालू राहिली, आणि श्रावणात राखलेला माल भरायला शेडवर ट्रक आला. मी पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. ड्रायव्हर माझ्याकडं टक लावून बघत होता. मग जवळ आला.

"बंडगरवहिनी न्हवं? मी इस्माईल. बजरंगबरोबर गाडीवर हुतो. तुमच्या हातचं जेवलोय मी."

मी त्याला खूण केली आणि ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेले. तो मागून आला.

"बजरंगचा निरोप हाय, वहिनी. इंदूरच्या भाईर एका ढाब्याच्या मागल्या खोलीत पडलाय. हाडं राहिल्यात नुसती. घरी ने म्हनतो. भावाम्होरं हुबं ऱ्हायची लाज वाटती, पर शालन दार उघडंल म्हनतो." त्याची नजर माझ्या कपाळावर गेली आणि गोंधळली. "पुढल्या फेरीला आणू का त्याला?"

बजरंगचं नाव मी पूर्वी घेत नसे, आता घेते. त्यानं मला आजार दिला आणि न सांगता निघून गेला. माझ्या तपासणीचा कागद मी एकटीनं घेतला, एकटीनं वाचला. जवळजवळ सहा वर्षांत एक फोन नाही. इतकं सगळं असून ट्रकच्या चाकाशी उभी असताना मला दिसलं ते एवढंच, की संध्याकाळी मी दार उघडते आहे आणि आत कुणीतरी खोकतंय. दोन ताटं घेते आहे. मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तो फार हवा होता.

आणि लगेच दिसले ते गावाच्या वेशीत उतरणाऱ्या माणसाकडं बघणारे जालिंदर. त्याची हाडं बघणारी माणसं. मग माझ्याकडं वळणाऱ्या माना. शेड. गोळ्या.

"इस्माईलभाऊ," मी म्हणाले, "त्यास्नी सांगा, शालन मेली."

"वहिनी!"

"मेली म्हनून सांगा. न्हाईतर ते येतील. आन् एवढं करा. तितल्या सरकारी दवाखान्यात न्या त्यास्नी. ह्या आजाराच्या गोळ्या फुकट मिळत्यात. रोज घेतल्या तर मानूस जगतंय. पुन्हा गाडीवर बसतंय."

"तुमास्नी काय ठावं त्याला कंचा आजार हाय?"

मी हातातल्या चिठ्ठ्या सारख्या करत राहिले. तो समजला. मान खाली घालून म्हणाला, "नेतो. शपथ घेतो, नेतो." आणि ट्रकवर चढला.

महिना-दीड महिन्यानं, पितृपंधरवड्यात, तो पुन्हा आला. मी लांबूनच त्याच्याकडं बघितलं. तो हसला नाही. पुन्हा आम्ही त्याच जागी, चाकाशी उभे राहिलो.

"न्हेलं हुतं दवाखान्यात," तो म्हणाला. "गोळ्या दिल्या. डाक्टर म्हनाले, येळेत आलाय, सुधरंल. डबी हातात दिली मी त्याच्या."

"मग?"

"आधी तुमचं सांगितलं हुतं ना. तुमीच सांगा म्हनलावता." त्याचा आवाज फुटला. "डबी उशाला तशीच, वहिनी. झाकणबी उघडलं न्हवतं. रोज सांगायचो, खा. म्हनायचा, आता कुनासाठी खाऊ. सोमवारी गेला. आमी चौघा ड्रायव्हरांनी जाळला."

तो बुधवार होता. मी इस्माईलला पाणी आणून दिलं. तो प्याला, गेला. मी जागेवर येऊन बसले.

"कोन हुतं गं?" मामींनी विचारलं.

"ड्रायव्हर. पानी मागत हुता."

निवडणी चालू राहिली. हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं. त्या दिवशी मी खरी विधवा झाले होते, आणि मला सांगायला, टेकायला, रडायला जागा नव्हती. गावानं ते सगळं आधीच उरकून टाकलं होतं. मी मारलं त्याला. चावडीवर एकदा मारलं आणि ट्रकपाशी एकदा. पहिल्या वेळी तो वाचला होता.

संध्याकाळी जालिंदर भिंतीपलीकडून म्हणाले, "वहिनी, उद्या दादाचा म्हाळ घालायचा हाय. दादाला आवडायचं असं काय करावं?"

मी चुलीपुढं बसले होते. "अंबाड्याची भाजी," मी म्हणाले. "वरनं लसणाची फोडणी लागायची त्यास्नी. आन् आंबट वरण."

"मग तुमीच करा. हिला तसं जमायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या चुलीवर भाजी केली. पानं मांडली. पहिलं पान बजरंगचं. त्याच्यावर भाजी घातली, वरून फोडणी ओतली, तिचा वास आला आणि माझं काही माझ्या हातात राहिलं नाही. मी पळीसकट खाली बसले. इतक्या मोठ्यानं रडले की शेजारची माणसं दारात आली. कितीतरी वेळ ते थांबेना. जाऊबाईनं पाठीवर हात फिरवला, पोरं घाबरून बघत राहिली.

जालिंदर माझ्यापुढं उकिडवे बसले. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. समजूत घालावी तसे म्हणाले, "वहिनी, दोन वरसं व्हाय आली की आता. मानूस गेलं ते गेलं. कवर रडायचं?"

मी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं आणि पानावर भात वाढला.